प्रस्तावना : न गिळलेल्या वायूविषयी

कृष्णविवर हा शब्द मराठीत रुळून बराच काळ लोटला, आणि ‘विवर’ या पदाने आपल्याबरोबर जी गिळण्याची कल्पना आणली ती वाचकांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की, या विवराच्या तोंडाशी आलेल्या वायूपैकी पुष्कळसा आत न जाता प्रचंड वेगाने बाहेर भिरकावला जातो असे सांगू लागले म्हणजे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वासच उमटतो. अगस्तीने समुद्र प्राशन केला ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु त्या प्राशनाच्या वेळी ओंजळीतून किती पाणी निसटले याची मोजदाद पुराणकारांनी ठेवलेली नाही. प्रस्तुत ग्रंथ त्या निसटलेल्या पाण्याचा आहे. सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रांतून निघणारे वायूचे वारे आणि झोत, म्हणजे लेखिकेच्या शब्दात ‘बहिर्वाह’, हा त्याचा विषय. आणि या विषयावर सामान्य जिज्ञासू वाचकासाठी लिहिलेले मराठी पुस्तक माझ्या हाती पूर्वी कधी आलेले नसल्यामुळे, प्रस्तावनेची मर्यादा थोडी ओलांडून एकंदर क्षेत्राचा नकाशा येथे काढून ठेवणे मला आवश्यक वाटते.

सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर जवळजवळ प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या गाभ्यात असते, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. बहुतेक काळ त्याला खाद्य मिळत नाही आणि ते निद्रिस्त असते. ज्या काळात वायू त्याच्या दिशेने ओढला जातो, त्या काळातही तो दगडासारखा सरळ आत पडत नाही. अंगच्या फिरकीमुळे तो भोवती प्रदक्षिणा घालू लागतो, त्याची चपटी तबकडी बनते, तबकडीचे थर एकमेकांवर घासून तापतात, आणि घर्षणात फिरकी गमावत वायू आत सरकत असताना तो इतका प्रकाश फेकतो की साऱ्या दीर्घिकेतील ताऱ्यांचा एकत्रित उजेड त्यापुढे फिका पडावा. हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो, आणि त्यावर सूर्य अब्जावधी वर्षे तळपतो. या तबकडीत ते प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर जाते. सारी देवघेव विवराच्या सीमेबाहेर, उंबरठ्यावर, उरकते, ही गोष्ट नवख्या वाचकाने मनात पक्की धरावी. आतल्याशी या पुस्तकाचा संबंध नाही.

येथे प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो. १० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचा व्यास सुमारे ६० कोटी किलोमीटर भरतो, आणि ज्या दीर्घिकेत ते बसले आहे तिचा विस्तार लाखभर प्रकाशवर्षांचा असतो. दीर्घिका पृथ्वीएवढी कल्पिली तर कृष्णविवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे ठरेल. एका दाण्याने पृथ्वीच्या हवापाण्याची व्यवस्था लावावी, ही कल्पना हास्यास्पद वाटते खरी. परंतु ऊर्जेचा जमाखर्च मांडला म्हणजे हसू आवरते. एवढे वस्तुमान गोळा होताना दहा टक्क्यांच्या हिशेबाने जी ऊर्जा बाहेर पडली असेल, ती त्या दीर्घिकेच्या मध्यवर्ती फुगवट्यातील सारे तारे गुरुत्वाने परस्परांशी ज्या ऊर्जेने बांधलेले असतात तिच्या शंभरपटीहून अधिक भरते. खजिन्यात रक्कम आहे, याबद्दल वाद नाही. त्यातील किती रक्कम दीर्घिकेतील वायूच्या खात्यावर जमा होते आणि ती कोणाच्या हस्ते पोहोचते, एवढाच सारा तंटा. गेल्या पाऊण शतकातील निरनिराळ्या पंथांनी आपापल्या कैफियती त्याच प्रश्नावर दिल्या आहेत.

या तंट्याचे दफ्तर उघडले तर त्यातला पहिला कागद १९१८ सालचा सापडतो. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांनी एम ८७ या अभ्रिकेच्या छायाचित्रात गाभ्यापासून निघालेली एक विलक्षण सरळ रेषा पाहिली आणि तिची नोंद करून ते पुढच्या कामाला लागले. तो वायूचा झोत होता. परंतु त्या वेळी दीर्घिका हीच कल्पना सिद्ध झालेली नसल्यामुळे त्या नोंदीला अर्थ प्राप्त होण्यास अनेक दशके जावी लागली. १९४३ मध्ये कार्ल सायफर्ट यांनी सहा दीर्घिकांच्या गाभ्यांचे वर्णपट तपासून, तेथील वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत असला पाहिजे हे दाखवले, आणि तेही वीसएक वर्षे दुर्लक्षितच राहिले. लक्ष वेधले ते रेडिओ दुर्बिणींनी. हंस तारकासमूहातील ‘सिग्नस ए’ या प्रखर रेडिओ स्रोताचे मोजमाप १९५३ साली इंग्लंडातील जॉड्रेल बँक येथे रॉजर जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता या दोघांनी केले, तेव्हा रेडिओ लहरी एका ठिकाणाहून येत नसून दोन विलग ठिकाणांहून येत आहेत असे निष्पन्न झाले. दीर्घिका होती ती त्या दोहोंच्या बरोबर मधे. जेथे काही असावे तेथे नाही, आणि जेथे काही असण्याचे कारण नाही तेथे दोन्ही बाजूंना लखलखाट: मधल्या घरातून कोणीतरी दोन्ही दिशांना काहीतरी फेकत आहे, हे सुचवणारा हा पहिला भक्कम पुरावा, आणि त्यावर एका भारतीयाची स्वाक्षरी आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

१९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूच्या वर्णपटातील रेषा जवळजवळ १६ टक्के तांबड्याकडे सरकल्याचे ओळखले आणि क्वेसार नावाचे प्रकरण उघडले. त्या बिंदूचे नेमके स्थान कळले होते ते चंद्रबिंब त्याच्या आड येऊन रेडिओ लहरी ज्या क्षणी खुंटल्या त्या क्षणाच्या नोंदीवरून. चंद्राच्या पिधानाची हीच युक्ती हाताशी धरून गोविंद स्वरूप यांनी निलगिरीच्या उतारावर उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली, हे येथे नमूद केले पाहिजे. श्मिट यांच्या शोधाच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत साल्पीटर आणि रशियात झेल्दोविच यांनी स्वतंत्रपणे, आणि १९६९ मध्ये लिंडन-बेल यांनी अधिक विस्ताराने, कृष्णविवरात पडणाऱ्या वायूचा सिद्धांत मांडला, आणि तो कालांतराने सर्वमान्य झाला.

सर्वमान्य झाला असे म्हणताना मराठी माणसाने क्षणभर थांबावे. कारण याच प्रश्नाकडे अगदी उलट बाजूने पाहणारा एक पंथ होता. आर्मेनियाचे आंबार्त्सुमियान यांनी १९५८ मध्येच दीर्घिकांचे गाभे हे ओढून घेणारे नसून बाहेर फेकणारे आहेत, असे आग्रहाने म्हटले होते. आणि आपले जयंत नारळीकर यांनी १९७० नंतरच्या दशकात श्वेतविवरांचा विचार मांडला, तर पुढे हॉइल आणि बर्बिज यांच्यासह अशा गाभ्यांजवळ नवे द्रव्य निर्माण होऊन बाहेर पडते असे प्रतिपादन केले. निरीक्षणांचा कौल त्यांच्या बाजूने गेला नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. परंतु ज्या काळी इतरांची नजर केवळ आत पडणाऱ्या वायूवर खिळली होती त्या काळी बाहेर येणाऱ्या वायूला त्यांनी विचाराच्या मध्यभागी बसवले, एवढे श्रेय त्या पंथाच्या पदरी घालण्यास हरकत नसावी. लेखिकेने हा भाग एका तळटीपेत आटोपला आहे. मी असतो तर त्याला एक प्रकरण दिले असते.

आता वाऱ्याकडे वळू. झोत अरुंद असतो, डोळ्यांत भरतो, त्याचे छायाचित्र घेता येते. वारा पसरट असतो आणि तो दिसत नाही. तो कळतो सावलीवरून. १९६७ मध्ये रॉजर लिंड्स यांनी ‘पीएचएल ५२००’ या क्वेसारचा वर्णपट घेतला तेव्हा त्यात तेजस्वी रेषांच्या निळ्या बाजूस रुंद, काळे खड्डे आढळले: क्वेसारचा प्रकाश आपल्याकडे येत असताना वाटेतल्या वायूने त्यातले नेमके रंग खाऊन टाकले होते, आणि खाल्लेला रंग जागचा हलून निळ्याकडे सरकला होता, याचा अर्थ तो वायू आपल्या दिशेने, म्हणजेच क्वेसारपासून बाहेर, धावत होता. खड्डा किती सरकला यावरून वेग कळतो, किती खोल आहे यावरून वाटेत किती वायू आहे हे अजमावता येते, आणि कोणते मूलद्रव्य आपले किती इलेक्ट्रॉन गमावून बसले आहे यावरून त्याच्यावर किती तीव्र प्रारणाचा मारा होतो आहे हे समजते. या शास्त्राची अक्षरे ही अशी: जे आले नाही त्याची नोंद.

वैशेषिकांनी पदार्थांच्या यादीत द्रव्य, गुण, कर्म वगैरेंच्या पंक्तीला ‘अभाव’ हा सातवा पदार्थ बसवला, तेव्हा इतर दर्शनकारांनी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला. नसणे ही वस्तू कशी, हा त्यांचा प्रश्न होता. बहिर्वाहांचा अभ्यासक या वादात बिनदिक्कत वैशेषिकांच्या बाजूला उभा राहील, कारण त्याच्या वहीत जमेच्या बाजूला अभावांशिवाय फारसे काही नसते. लोहाच्या अणूचे २६ पैकी २५ इलेक्ट्रॉन निघून गेले म्हणजे तो अणू ६.९७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्षकिरण शोषतो. ‘पीडीएस ४५६’ या क्वेसारमध्ये मात्र, ताम्रच्युतीची, म्हणजे रेषांच्या तांबड्याकडे सरकण्याची, वजावट केल्यानंतर, तो खड्डा ९च्या आसपास सापडतो. आलेखाच्या कागदावर हे अंतर बोटाच्या पेराएवढेदेखील नसते. पण त्या पेराचा हिशेब केला म्हणजे वायूचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे चौथाई निघतो. २००३ मध्ये पाउंड्स, रीव्ज आणि त्यांचे सहकारी अशा अतिवेगवान वाऱ्यांच्या वार्ता देऊ लागले तेव्हा जाणत्यांनीही भुवया उंचावल्या होत्या. १९८० नंतरच्या दशकापासून परिचित असलेले सौम्य, सेकंदाला काही शेकडो किलोमीटर वेगाचे तप्त वायूचे पडदे त्यामानाने गरीब बिचारे. त्यांची ऊर्जा थोडी, आणि त्यांच्यासाठी येथे जागाही थोडी.

वारा सुटतो कशाने, यावर तीन मते आहेत. एक पक्ष म्हणतो प्रकाशाच्या दाबाने. दुसरा म्हणतो तबकडीत रोवलेल्या चुंबकीय रेषा फिरताना, गोफणीतून खडा सुटावा तसा वायू सुटतो, आणि या मताला ब्लँडफर्ड आणि पेन यांच्या १९८२ च्या निबंधाचा आधार आहे. तिसरे मत नुसत्या उष्णतेचे, आणि ते वेगवान वाऱ्यांच्या बाबतीत कोणी गंभीरपणे घेत नाही. झोतांसाठी ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी १९७७ मध्ये आणखी पुढे जाऊन, खुद्द कृष्णविवराच्या फिरकीतूनच ऊर्जा काढून घेता येते असे दाखवले. कोणता पक्ष खरा हे विचारणे मला फारसे शहाणपणाचे वाटत नाही. एकाच गाभ्यात दोन-तीन यंत्रे पाळीपाळीने चालत असण्याचा संभव अधिक आहे.

पंथांची खरी झुंज जुंपली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. दीर्घिकेच्या फुगवट्यातील ताऱ्यांचे वेग आणि केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान यांचे प्रमाण आश्चर्यकारकरीत्या बांधलेले आहे, हे २००० साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. हरभऱ्याच्या दाण्याला पृथ्वीची आणि पृथ्वीला दाण्याची इतकी खबर कशी? सिल्क आणि रीस यांनी १९९८ मध्येच उत्तर सुचवून ठेवले होते: कृष्णविवर वाढता वाढता त्याचा वारा इतका प्रबळ होतो की, सभोवारचा वायू उधळला जाऊन त्याचे स्वतःचेच अन्न तुटते. सिल्क आणि रीस यांचा भर वाऱ्याच्या ऊर्जेवर. अँड्र्यू किंग यांनी २००३ मध्ये संवेगाचा हिशेब मांडून ताऱ्यांच्या वेगाच्या चौथ्या घाताचे प्रमाण काढले, आणि ते निरीक्षणांशी चांगले जुळले. वाऱ्याची उष्णता वाटेत प्रारणरूपाने गळून जाते की शिल्लक राहून फुग्यासारखी वायूला ढकलते, या एका मुद्द्यावर ऊर्जावादी आणि संवेगवादी असे दोन तट आजही आहेत. संगणकावर विश्व घडवणाऱ्यांनी २००५ नंतर दोन्ही मते आपापल्या प्रतिकृतींत वापरली. वाऱ्याशिवाय त्यांच्या दीर्घिका प्रमाणाबाहेर फुगत आणि नको तितके तारे प्रसवत, वारा घातला की त्या शहाण्यासारख्या वागत. तेवढ्यावरून वारा सिद्ध झाला असे काहीजण म्हणू लागले, हे मात्र उतावळेपणाचे होते; औषध लागू पडले म्हणून निदान खरे ठरत नाही.

पुरावा आकाशातूनच यायला हवा होता. ‘मार्केरियन २३१’ या सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत २०१० मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवरून थंड वायूचा लोंढा आढळला. वर्षाला शेकडो सूर्यांएवढा वायू बाहेर जात होता, तेथे जन्मणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाहून अधिक. ताऱ्यांचा कच्चा मालच चालला होता. इतक्या वेगाने हाकलले जाताना नाजूक रेणू फुटत कसे नाहीत, की ते वाहता वाहता नव्याने जुळतात, हे कोडे अद्याप सुटलेले नाही.

न्यायशास्त्राने अभावाचे जे प्रकार सांगितले त्यांपैकी दोन येथे अनायासे उपयोगी पडतात. असलेली वस्तू नष्ट झाल्यावर उरतो तो प्रध्वंसाभाव. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वी असतो तो प्रागभाव. मार्केरियन २३१ मध्ये वायू होता, तो हाकलला गेला. परंतु दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत प्रकार निराळा आहे. तेथे कोट्यवधी अंशांचा वायू भरलेला असून तो क्षकिरण फेकत निवत जायला हवा, आणि निवून मध्यवर्ती दीर्घिकेत दरवर्षी शेकडो सूर्य घडायला हवेत. २००१ च्या सुमारास नेमके वर्णपट मिळाले तेव्हा तो निवलेला वायू तेथे सापडलाच नाही. घट घडण्यापूर्वीच कोणीतरी चाकाला हात लावला होता. ययाती समूहाच्या क्षकिरणचित्रात मध्यवर्ती दीर्घिकेच्या दोन्ही अंगांना पोकळ्या दिसतात: झोतांनी तप्त वायू बाजूला सारून केलेले बुडबुडे. त्यांच्याभोवती उठलेले तरंग २००३ मध्ये चंद्रा दुर्बिणीने टिपले. त्यांचा आवर्तनकाल सुमारे एक कोटी वर्षे, म्हणजे मध्य सप्तकाच्या ५७ सप्तके खालचा स्वर. याला मंद्र तरी कसे म्हणावे!

पण पोकळीची खरी गोष्ट भुजंगधारी समूहाची, आणि तिचा एक धागा आपल्या जुन्नर तालुक्यात येऊन पोहोचतो. नारायणगावाहून खोडदला जाताना शेतांच्या वर रेडिओ दुर्बिणीच्या पांढुरक्या छत्र्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, अशा ३०, त्यांतल्या १४ एका चौरस किलोमीटरच्या आत आणि उरलेल्या तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जवळ गेले म्हणजे लक्षात येते की ती छत्री पत्र्याची नाही. दोरांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीतून पलीकडचे आकाश दिसते, वारा आरपार जातो. मीटरभर लांबीच्या लहरीला ती जाळी भिंतीसारखी भासते, डोळ्याला मात्र ती जवळजवळ नसतेच. २०१६ मध्ये क्षकिरणचित्रांत या समूहाच्या वायूला एक अंतर्वक्र कड आढळली होती, चेंडू दाबून ठेवल्यासारखी; परंतु एवढी पोकळी कोरायला लागणारी ऊर्जा इतकी अवाढव्य होती की तिचे शोधक स्वतःच ती कल्पना सोडून बसले. २०२० मध्ये खोडदच्या आणि ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीच्या रेडिओ नोंदी त्या चित्रावर ठेवून पाहिल्या, तेव्हा रेडिओ तेज बरोबर त्या कडेच्या आत, साच्यात ओतल्यासारखे बसले. खड्डा रिकामा नव्हता. जुन्या झोताच्या राखेने भरलेला होता. तोवर विक्रमी गणल्या गेलेल्या उद्रेकाच्या सुमारे पाचपट ऊर्जा त्यात खर्च झाली होती. अभावाला भावाने रुजुवात दिल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

हा विषय आजच का मांडावा, याला कारणे आहेत. २०२४ मध्ये पॉर्फिरिऑन नावाची झोतांची जोडी प्रसिद्ध झाली; टोकापासून टोकापर्यंत तिची लांबी २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे, आणि ती कोणत्या दीर्घिकेतून निघाली हे ठरवताना पुन्हा खोडदच्याच दुर्बिणीचा उपयोग झाला. आपल्या आकाशगंगेच्या प्रतलाच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे उंचीचे गॅमा किरणांचे दोन बुडबुडे २०१० मध्ये सापडले. ते आपल्या निद्रिस्त, ४० लाख सूर्यांच्या कृष्णविवराचा जुना उच्छ्वास की केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या स्फोटांचा परिणाम, याचा निकाल लागायचा आहे. म्हणजे मामला परक्या दीर्घिकांचाच आहे असेही नाही.

लेखिकेने हे सर्व सांगताना कालक्रम बाजूला ठेवून पुराव्याचा क्रम धरला आहे, आणि वाचकाला प्रत्येक वेळी प्रथम आलेख, मग अर्थ अशा रीतीने चालवले आहे. गणित तिने टाळलेले नाही, मात्र ते शाळेच्या अखेरच्या वर्षापलीकडे जात नाही. संगणकीय प्रतिकृतींवर तिचा राग माझ्याहूनही अधिक आहे आणि काही ठिकाणी तो अन्यायाच्या सीमेवर जातो. त्या प्रतिकृतींनीच निरीक्षकांना कोठे पाहायचे ते सांगितले, हे तिने एकदा तरी कबूल करावे असे मी सुचवले होते. परिभाषेवरूनही आमचा पत्रव्यवहार झाला. फीडबॅकसाठी मी ‘प्रत्याभरण’ सुचवले. तिने ‘परतावा’ धरला. हा शब्द मला कचेरीतला, सरकारी पावतीवरचा वाटला. पण हस्तलिखित दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की, दीर्घिकेने वायू दिला आणि कृष्णविवराने त्याचा काही अंश निराळ्या चलनात परत केला, हा व्यवहार त्या शब्दात जसा उमटतो तसा माझ्या तत्समात उमटत नाही. मी आग्रह सोडला.

मुद्रिते तपासून होत आली असताना आणखी एक गोष्ट घडली. जपानच्या क्रिझम या उपग्रहाने २०२४ मध्ये पीडीएस ४५६ कडे पाहून घेतलेला वर्णपट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस वर्षे ज्याला सर्वजण एक रुंद खड्डा समजत आले होते, तो या सूक्ष्म वर्णपटात पाच निरनिराळ्या वेगांच्या अरुंद खड्ड्यांत फुटला. वारा सलग नव्हता, तो सुट्या ढगांच्या झुंडीसारखा वाहत होता. अशा गुठळ्यांच्या वाऱ्याची ऊर्जा दीर्घिकेतील वायूला किती पोहोचते, याचे जुने आकडे त्यामुळे पुन्हा तपासावे लागणार आहेत. लेखिकेने जुळवलेली सोळा पाने परत मागवली. छापखान्याने कुरकूर केली, प्रकाशकांनी मला मध्यस्थीची गळ घातली, आणि मी तिला फोन केला तेव्हा तिने एवढेच सांगितले की जुना आलेख ती काढणार नाही. तो वरच राहील, आणि नवा त्याच्या बरोबर खाली, त्याच पट्टीवर, म्हणजे वाचकाला बोट ठेवून खाली यावे आणि एका खड्ड्याच्या जागी पाच मोजावेत.